जुन्या लोकरीचा पुनर्वापर : घोंगडी, गोधडी आणि स्वेटर
(मावळातील घाटमाथ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्यालगत सह्याद्रीच्या ऐन कड्यावर कुरवंडे हे गाव वसले आहे. मराठ्यांच्या इतिहासात या गावाचे नाव येते ते मुख्यत्वे कुरवंडा घाटामुळे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान आपल्या फौजेसह याच घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची कोंडी केली. या प्रसंगावर विपुल लेखन झाले आहे. मात्र याच घाटमाथ्यावरील माणसे पावसाळ्यात अंगावर काय घेत होती, ते वस्त्र कोठून येत होते आणि जुने झाल्यावर त्याचे काय होत होते, या प्रश्नांकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात उबदार वस्त्राचा प्रश्न हा केवळ हौसेचा असू शकत नाही.

अलीकडच्या काळात जुने लोकरी स्वेटर कापून, शिवून, तसेच काटेरी सुईने लोकर टोचून व घट्ट करून त्यांपासून पिशव्या, टोप्या, खेळणी, आसने तयार करण्याची कला शहरी भागात शिकवली जाऊ लागली आहे. ही कला पाश्चात्त्य देशांतून आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. या कलेतील शिवणे, उसवणे आणि लोकर आटवणे ही तिन्ही कौशल्ये महाराष्ट्रात पूर्वीपासून होती. परंतु ती तीन निरनिराळ्या समाजघटकांच्या हाती होती आणि त्यांची परस्परांशी गाठ पडली नाही. ती का पडली नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

घाटमाथ्यावरील लोकर

मावळातील शेतकऱ्याला लोकर परिचित होती ती घोंगडीच्या रूपाने. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, राठ आणि बहुतांशी काळी असते. वर्षातून साधारणपणे दोनदा मेंढ्यांची कातरणी होई. धनगर स्त्रिया त्या लोकरीचे सूत काढीत आणि सनगर समाजातील विणकर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणीत. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ती कुंच्याने सारखी केली जाई. या खळीमुळे नवी घोंगडी ताठ राही. वापराने ती मऊ पडत जाई. म्हणजे घोंगडीच्या बाबतीत जुनेपणा हा काही काळ तरी दोष नसून गुण असे.

धनगरांचे कळप पावसाळा संपल्यानंतर देशावरून निरनिराळ्या घाटवाटांनी कोकणात उतरत आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परत फिरत. वाटेत शेतांत मेंढ्या बसवून शेतकऱ्यास खत मिळे, धनगरास धान्य मिळे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांच्या अभ्यासातून या भटकंतीचे धार्मिक व सामाजिक अंग प्रकाशात आणले. या देवाणघेवाणीत घोंगडीचेही स्थान होते, ही गोष्ट मात्र दैवतांच्या चर्चेत काहीशी मागे पडली आहे.

पावसात शेतकाम करताना घोंगडी दुमडून तिची खोळ डोक्यावरून घेतली जाई. इरले वाकून लावणी करणाऱ्यास सोयीचे, तर खोळ गुरांमागे हिंडणाऱ्यास. राठ लोकरीवरून पावसाचे पाणी बराच वेळ ओघळून जाते आणि भिजल्यावरही तिची ऊब सर्वस्वी नाहीशी होत नाही. एकदा पूर्ण भिजलेली घोंगडी मात्र अतिशय जड होते आणि मावळच्या आषाढात ती लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ का म्हणतात, हे समजण्यासाठी घाटमाथ्यावरचा एक पावसाळा पुरेसा आहे.

घोंगडीच्या झिजण्याचाही एक क्रम असे. नवी घोंगडी पाहुण्याला, देवकार्याला, बैठकीला. मग ती अंथरूण-पांघरुणात. त्यानंतर शेतात व पावसात. आणि शेवटी तिचे तुकडे बसकर म्हणून किंवा ओझ्याखाली. येथे एक बाब महत्त्वाची आहे. घोंगडी जीर्ण झाल्यावर तिच्यापासून दुसरे नवे वस्त्र क्वचितच तयार होई. तिचा दर्जा पायरीपायरीने उतरत जाई, पण तिचे रूप बदलत नसे. सुती वस्त्राची गोष्ट याहून अगदी वेगळी होती.

दंड, ठिगळ आणि गोधडी

नऊवारी लुगडे बसण्याउठण्याने मध्यभागी आधी विरते, पदर व काठ मात्र शाबूत राहतात. अशा वेळी विरलेला भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे जोडण्याची रीत होती. तिला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई आणि ते चारचौघांत दिसू नये म्हणून नेसण्याची खुबीही स्त्रियांना अवगत असे. लुगडे त्यापुढे आणखी विरले की त्यातून लहान मुलांचे झबले, कुंची, दुपटे निघे. आणि अखेरीस ते गोधडीत जाई.

गोधडीचे तंत्र वरवर पाहता साधे आहे. वर व खाली त्यातल्या त्यात धड राहिलेली लुगडी, मध्ये धोतरे, सदरे व चिंध्यांचे थर, आणि या सर्वांना एकत्र धरणारा धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्याकडे जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. जुनी गोधडी फाटली की तीच नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून घातली जाई. त्यामुळे एखाद्या घरातील गोधडीत दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे एकावर एक असणे अशक्य नाही. कपड्यांचा असा कालक्रम लावून ठेवणारे दुसरे साधन सामान्य घरात नव्हते, आणि तरीही इतिहासाचे साधन म्हणून गोधडीकडे अभ्यासकांनी फार उशिरा पाहिले. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरील सचित्र पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी या विषयावर स्वतंत्र ग्रंथरचना फारशी झालेली नव्हती.

याचे कारण उघड आहे. सरकारी कागदपत्रांत उत्पादनाची नोंद होते, दुरुस्तीची होत नाही. माग किती, विणकर किती, माल कोठे जातो, याची माहिती इंग्रज अधिकाऱ्यांनी जिल्हा गॅझेटिअरांसाठी परिश्रमपूर्वक जमवली. परंतु घराघरांतून स्त्रिया दुपारच्या वेळी जे टाके घालीत होत्या त्यांना ना बाजारभाव होता ना कर. अशा श्रमांचा पुरावा भाषेत मात्र टिकून राहिला. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात गोधडी, वाकळ, ठिगळ असे शब्द आढळतात. गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखत. चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन त्यांनी जे सांगितले ते लोकांना व्याख्येविना समजले, कारण गोधडी प्रत्येकाच्या घरात होती.

जुन्या कपड्यांचा घराबाहेरचा मार्ग म्हणजे बोहारीण. कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही स्त्री शहरांतून अगदी अलीकडेपर्यंत दारोदार फिरत असे, आणि काही भागांत आजही फिरते. तिच्याशी होणारी घासाघीस हा विनोदी लेखनाचा विषय झाला. पण जुन्या वस्त्राला काही किंमत मिळण्याचा मध्यमवर्गीय घरातील तो प्रसंग होता, याकडे त्या विनोदात दुर्लक्ष झाले.

स्वेटरचे आगमन

१८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे रेल्वेने थेट जोडली गेली. खंडाळा व लोणावळा ही हवा खाण्याची ठिकाणे बनली. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्याला, कुरवंड्याच्या शेजारी, नौदलाच्या ‘शिवाजी’ या तांत्रिक प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. घाटमाथ्यावर आता दोन प्रकारची लोकर नांदू लागली. पहिली देशावरून आलेली राठ, काळी, मागावर विणलेली. दुसरी रेल्वेने आलेली मऊ, रंगीत, दोन सुयांवर विणलेली.

सुयांवरचे विणकाम महाराष्ट्रात रुजले ते मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि पुढे स्त्रीशिक्षणाच्या चळवळीतून. मुलींच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्यांची समजूत घालण्यासाठी शिवण-विणकाम हा विषय उपयोगी पडे, हे नाकारता येत नाही. परंतु पंडिता रमाबाईंचे शारदासदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सुरू झालेले सेवासदन या संस्थांपुढे निराधार स्त्रीने स्वतःच्या पायावर कसे उभे राहावे हा प्रश्न होता. तेथे हातातील कला ही उपजीविकेची शक्यता होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी मोजे, गळपट्टे विणून पाठवण्याचे काम मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या युद्धनिधी समित्यांनी हाती घेतले, तेव्हा या कलेला सार्वजनिक प्रतिष्ठाही लाभली.

विलायती लोकर महाग होती. म्हणूनच जुना स्वेटर उसवण्याची रीत सुरुवातीपासूनच विणकामाचा भाग होती. आधी बाजूच्या शिवणी सोडवायच्या. मग जेथे विणकाम बंद केले असेल तेथून टोक शोधून धागा ओढायचा. चुकीच्या टोकाने सुरुवात केली तर धागा पदोपदी अडतो. निघालेला वळणावळणाचा धागा खुर्चीच्या पाठीवर किंवा समोर बसलेल्या मुलाच्या दोन्ही हातांवर गुंडाळून त्याची लड करायची, ती जागोजागी सैल बांधून कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन अडकवून वाळत घालायची, म्हणजे वळणे मोडतात. कोपर व काठाजवळचा झिजलेला धागा बाजूला काढायचा. कमी पडणाऱ्या लोकरीच्या जागी दुसऱ्या रंगाचे पट्टे घालायचे. मोठ्या भावाच्या स्वेटरमधून धाकट्याचा स्वेटर, त्यातून कानटोपी, आणि उरलेल्यातून पायमोजे. शेकडो मराठी घरांतील पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर हे सौंदर्यदृष्टीपेक्षा या हिशेबातून जन्मले, आणि तरीही त्यांतील अनेक देखणे होते.

दुसऱ्या महायुद्धात हीच काटकसर राज्यकर्त्यांचे धोरण बनली. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले आणि १९४३ मध्ये जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याविषयीची पुस्तिका सरकारने काढली. तीत स्वेटर उसवून पुन्हा विणण्याचाही उपदेश होता. भारतातही १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. फरक एवढाच की, तेथील गृहिणीला जे सरकारने शिकवले ते येथील गृहिणीला शिकवण्याची गरज नव्हती. कापडाच्या टंचाईत तिला जे हवे होते ते कापड होते.

आटणे : दोष की तंत्र?

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यावर माशासारखे खवले दिसतात आणि ते सर्व एकाच दिशेने, टोकाकडे, कललेले असतात. गरम पाणी, साबण व घर्षण यांमुळे तंतू एकाच बाजूने सरकतात आणि परस्परांत अडकून बसतात. मागे फिरू शकत नाहीत. वस्त्र आखडते, दाट होते. यालाच बोली भाषेत ‘आटणे’ म्हणतात. लोकरी कपडे रिठ्याच्या पाण्यात, कोमटाहून अधिक गरम न करता, न घासता, न पिळता धुवावेत आणि सावलीत आडवे वाळवावेत, हा मराठी घरांतील नियम म्हणजे हे आटणे टाळण्याचे शास्त्र होय.

गृहिणी ज्या परिणामाला भीत होती, तोच परिणाम साधणे हा एका समाजाचा व्यवसाय होता. कापूस पिंजणारे पिंजारी धनुकलीने लोकरही पिंजीत. पिंजलेली लोकर थरांनी पसरून, पाणी शिंपडून, चटईत गुंडाळून ती हातापायांनी दाबत बराच वेळ लाटली जाई. मागाशिवाय, सुईशिवाय, एका धाग्याशिवाय वस्त्र तयार होई. कोल्हापूर-बेळगावकडील सीमाभागात त्याला ‘जेन’ म्हणतात. घोड्याच्या खोगिराखाली घालायचा नमदा हा त्याच जातीचा. मराठ्यांच्या घोडदळाच्या हालचालींचे वर्णन करताना इतिहासकार घोडे मोजतात. प्रत्येक घोड्याच्या पाठीवर घालायचा हा लोकरीचा थर कोणी लाटला, याचा विचार सहसा होत नाही.

काटेरी सुईने लोकर आटवण्याचे तंत्र याहून निराळे. त्यात पाणी व साबण लागत नाही. सुईच्या टोकाजवळ खाली वळलेल्या बारीक खाचा असतात. सुई टोचली की त्या वरचे तंतू आत ओढतात, बाहेर येताना मात्र सोडून देतात. अशा शेकडो सुया बसवलेली यंत्रे एकोणिसाव्या शतकातच पाश्चात्त्य कारखान्यांत आली; केस, ताग व टाकाऊ तंतूंपासून जाड थर बनवणे हे त्यांचे काम. सुटी सुई हाती घेऊन आकृती घडवण्याची कला मात्र १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. जुन्या स्वेटरशी तिचा मेळ सहज बसतो. निव्वळ लोकरीचा स्वेटर मुद्दाम गरम पाण्यात घुसळून आटवला की तो कापला तरी उसवत नाही. त्याचे तुकडे कापडाप्रमाणे शिवता येतात आणि त्यावर सुईने रंगीत लोकर बसवता येते.

येथे मूळ प्रश्नाकडे परतावे लागते. महाराष्ट्रात शिवणकाम घराघरांत होते, उसवण्याचे कसब विणणाऱ्या स्त्रियांपाशी होते, आटवण्याचे पिंजाऱ्यांपाशी. यांचा संयोग न होण्याचे एक कारण सामाजिक आहे. स्वेटर विणणारी स्त्री प्रायः शहरी, शिक्षित घरातील. जेन लाटणारा कारागीर ग्रामीण मुसलमान समाजातील. त्यांच्यात ग्राहक व विक्रेता एवढाही संबंध नव्हता. दुसरे कारण आर्थिक आहे आणि ते अधिक निर्णायक मानावे लागेल. उसवलेला स्वेटर पुन्हा स्वेटर होतो. आटवलेला स्वेटर पुन्हा कधीही धागा होत नाही. ज्या घरात लोकर वर्षानुवर्षे फिरती ठेवायची होती, त्या घरात ती एकदाच वापरून गोठवणारे तंत्र स्वीकारले जाणे शक्य नव्हते. आटवणे परवडते ते स्वेटर मुबलक झाल्यावर.

आणि ते मुबलक झाले तेव्हा त्यांतील लोकर नाहीशी झालेली होती. १९७० च्या दशकापासून बाजारात कृत्रिम ॲक्रिलिक धागा झपाट्याने पसरला. ‘कॅशमिलॉन’ हे एका जपानी उत्पादनाचे नाव त्या धाग्याचे सामान्यनाम बनले. तो स्वस्त, रंगाने पक्का, कसरीपासून सुरक्षित. मराठीत मात्र त्यालाही ‘लोकर’च म्हटले गेले आणि अद्यापि म्हटले जाते. दुकानात मिळणारा विणकामाचा कोणताही जाड, मऊ धागा म्हणजे लोकर, असा अर्थ रूढ झाला. या शब्दाने वस्तूतील बदल झाकून टाकला. ॲक्रिलिकच्या तंतूला लोकरीसारखे खवले नसतात. तो गरम पाण्याने आटत नाही, केवळ निस्तेज व ढिला होतो. उसवून पुन्हा विणण्याची रीत त्यावर चालू राहिली, परंतु नव्या कार्यशाळांतील तंत्र या स्वेटरवर फसते. म्हणून सुईकाम शिकवणाऱ्यांना पहिला धडा द्यावा लागतो तो धागा जाळून पाहण्याचा : खरी लोकर केस जळाल्याचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. असे जुने स्वेटर आता बहुधा गोधडीच्या पोटात जातात. तेथे धाग्याची जात कोणी विचारत नाही.

पानिपतचे कांबळे

जुन्या स्वेटरचा आणखी एक प्रवास येथे नोंदवला पाहिजे. १८१३ च्या सुमारास यॉर्कशायरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या फाडून, त्यांचे तंतू मोकळे करून त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची रीत बसवली. ‘शॉडी’ या नावाने ओळखला जाणारा हा धंदा पुढे युरोपातून हटत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात पानिपतला त्याचे मोठे केंद्र झाले. मराठी मनाला पानिपत हे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. पण गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर त्या गावाचा जो परिणाम झाला तो दुर्लक्षणीय नाही. युरोप-अमेरिकेतील टाकलेले स्वेटर व कोट, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून चिरे देऊन, गठ्ठ्यांनी बंदरांत उतरत. पानिपतला ते रंगांनुसार वेगळे केले जात, बटणे-साखळ्या काढून फाडले जात आणि त्यातून स्वस्त कांबळी विणली जात. ल्युसी नॉरिस यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील जुन्या कपड्यांच्या या व्यवहाराचे तपशीलवार चित्रण केले आहे.

अशी कांबळी, आणि त्यांच्या पाठोपाठ पॉलिएस्टरची गुबगुबीत ब्लँकेटे, आठवडी बाजारांत आली तेव्हा हाताने कातलेल्या व विणलेल्या घोंगडीला त्या किमतीत उभे राहणे शक्य नव्हते. पावसासाठी प्लॅस्टिकची खोळ आधीच आली होती. परदेशातील जुनी लोकर यंत्रातून पुन्हा कापड होऊन आली आणि तिने येथील नव्या लोकरीचे गिऱ्हाईक घेतले, हा पुनर्वापराच्या इतिहासातील विरोधाभास म्हणावा लागेल. पुनर्वापर ही निरपवाद चांगली गोष्ट समजणाऱ्यांनी सनगरांच्या बंद पडलेल्या मागांचाही हिशेब मांडावयास हवा.

मेंढपाळाने याला आपल्या परीने उत्तर दिले आहे. लोकरीपेक्षा मांसाला भाव असल्याने जत तालुक्यातील माडग्याळ जातीच्या, अंगावर लोकर फारच कमी असणाऱ्या मेंढ्यांकडे कल वाढला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळी कोकरे होण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला, त्यामागेही कोकरांची संख्या वाढवण्याचाच हेतू होता. कातरणी मात्र टळत नाही. मेंढीच्या आरोग्यासाठी ती करावीच लागते. कातरणाऱ्याची मजुरी अनेकदा लोकरीच्या किमतीहून अधिक होते आणि कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते.

शहरांतील कार्यशाळांत सुईकामासाठी बव्हंशी परदेशी मेरिनो लोकर वापरली जाते, कारण ती मऊ आणि रंगीत मिळते. परंतु सुईने आकृती घडवताना आतला गाभा मेरिनोचा असण्याची गरज नसते. उलट जाड, राठ तंतू सुईच्या खाचांत चटकन अडकतात आणि गाभा लवकर घट्ट होतो. दख्खनी मेंढीची लोकर या कामाला योग्य आहे. घोंगडीसाठी ती जशी विंचरावी लागे तशीच येथेही विंचरावी लागते, आणि धुण्यास तिला रिठ्याचे पाणी चालते.